आयव्ही ली

आयव्ही लेडबेटर ली (१६ जुलै, इ.स. १८७७ – ९ नोव्हेंबर, इ.स. १९३४) हे अमेरिकन पत्रकार व जनसंपर्क सल्लागार होते. आधुनिक जनसंपर्क व्यवसायाच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना केली जाते. उद्योगसंस्थांनी जनतेपासून माहिती दडवून न ठेवता ती आपण होऊन वृत्तपत्रांच्या हाती द्यावी, हा विचार त्यांनी प्रत्यक्ष व्यवहारात आणला. इ.स. १९०६ मध्ये त्यांनी संपादकांना पाठवलेले तत्त्वनिवेदन हा या व्यवसायातील नीतिनियमांचा आरंभ मानला जातो. तथापि कोलोरॅडोतील खाणकामगारांच्या संपात आणि आयुष्याच्या अखेरीस एका जर्मन रसायन कंपनीसाठी केलेल्या कामात त्यांच्यावर गंभीर आक्षेप घेतले गेले. त्यामुळे जनसंपर्क क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्यांना त्यांचे चरित्र आदर्श म्हणून आणि इशारा म्हणून, अशा दोन्ही अंगांनी शिकवले जाते.

बालपण व शिक्षण

ली यांचा जन्म अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सीडरटाउन या गावाजवळ झाला. त्यांचे वडील जेम्स वाइडमन ली हे मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. ली यांचे आरंभीचे महाविद्यालयीन शिक्षण एमरी कॉलेजात झाले. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात प्रवेश घेऊन इ.स. १८९८ मध्ये ते पदवीधर झाले. त्यानंतर कायद्याच्या अभ्यासासाठी ते हार्वर्ड विद्यापीठात गेले. परंतु पैशाअभावी तो अभ्यासक्रम त्यांना लवकरच सोडावा लागला. इ.स. १९०१ मध्ये त्यांचा विवाह कॉर्नेलिया बार्टलेट बिगेलो यांच्याशी झाला. या दांपत्याला तीन अपत्ये झाली.

पत्रकारिता

शिक्षण सोडल्यानंतर ली न्यू यॉर्क शहरात वार्ताहर म्हणून काम करू लागले. तेथील जर्नल, टाइम्स आणि वर्ल्ड या वृत्तपत्रांत त्यांनी उमेदवारी केली. व्यापार व अर्थकारण हे त्यांच्या वार्तांकनाचे प्रमुख विषय होते. त्या काळी मोठ्या कंपन्यांचे मालक वार्ताहरांना दाराबाहेर ठेवत. कारभाराची माहिती देणे हे दुबळेपणाचे लक्षण समजले जाई. दुसऱ्या बाजूला, आयडा टारबेल यांच्यासारखे शोधपत्रकार बड्या उद्योगांतील गैरप्रकार चव्हाट्यावर आणत होते. टारबेल यांचा स्टँडर्ड ऑइल कंपनीचा इतिहास इ.स. १९०४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि उद्योगपतींविषयीचा लोकक्षोभ अधिकच वाढला. मालकांचे मौन आणि जनतेचा संशय या दोहोंमधील अंतर ली यांनी वार्ताहर म्हणून जवळून पाहिले होते. पुढील आयुष्यातील त्यांच्या व्यवसायाचा पाया या अनुभवावर उभा राहिला.

व्यवसायाचा आरंभ

इ.स. १९०३ मध्ये ली यांनी पत्रकारितेची नोकरी सोडली. त्या वर्षी न्यू यॉर्कच्या महापौरपदाच्या निवडणुकीत सेथ लो यांच्या बाजूने चाललेल्या प्रचाराचे प्रसिद्धीकाम त्यांनी सांभाळले. लो यांचा त्या निवडणुकीत पराभव झाला. इ.स. १९०४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ली यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रसिद्धी विभागात काम केले. तेथे त्यांचा जॉर्ज पार्कर या अनुभवी प्रसिद्धितज्ज्ञांशी परिचय झाला. पार्कर यांनी पूर्वी ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या प्रचारात काम केले होते. निवडणुकीनंतर या दोघांनी मिळून पार्कर अँड ली या नावाची संस्था स्थापन केली. अमेरिकेतील अगदी सुरुवातीच्या जनसंपर्क संस्थांपैकी ती एक होती. ही भागीदारी इ.स. १९०८ पर्यंत टिकली.

तत्त्वनिवेदन

इ.स. १९०२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील अँथ्रासाइट कोळसा खाणींत मोठा संप झाला होता. कामगारांचे पुढारी जॉन मिचेल वार्ताहरांशी मोकळेपणाने बोलत असत, तर खाणमालकांचे प्रमुख प्रवक्ते जॉर्ज बेअर वृत्तपत्रांना उत्तर देण्याचे टाळत. परिणामी लोकांपुढे एकच बाजू गेली आणि सहानुभूती कामगारांकडे वळली. इ.स. १९०६ मध्ये पुन्हा संपाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा मालकांनी पार्कर अँड ली या संस्थेला आपले प्रसिद्धीकाम दिले.

हे काम हाती घेताना ली यांनी वृत्तपत्रांच्या संपादकांना एक निवेदन पाठवले. आपले कार्यालय गुप्तपणे काम करणार नाही, ते कोणाच्या वतीने बोलत आहे हे उघड असेल, असे त्यात स्पष्ट केले होते. आपण पाठवतो ती बातमी आहे, जाहिरात नव्हे. एखादा मजकूर जाहिरात विभागाकडे जाण्यासारखा वाटल्यास संपादकांनी तो खुशाल बाजूला ठेवावा, असेही त्यांनी कळवले. दिलेली माहिती अचूक असेल, अधिक तपशील मागितल्यास तो तत्परतेने पुरवला जाईल आणि कोणत्याही विधानाची स्वतंत्रपणे खातरजमा करू इच्छिणाऱ्या संपादकाला त्यासाठी साहाय्य केले जाईल, अशी हमी त्यांनी दिली होती.

त्या काळात पैसे घेऊन छुपा मजकूर छापून आणण्याची प्रथा रूढ होती. त्या पार्श्वभूमीवर हे निवेदन वेगळे ठरले. माहिती देणाऱ्याने आपली ओळख उघड करावी आणि पडताळणीचा मार्ग खुला ठेवावा, ही दोन तत्त्वे त्यातून पुढे आली.

रेल्वे कंपनीतील कार्य

इ.स. १९०६ मध्येच पेनसिल्व्हेनिया रेलरोड या कंपनीने ली यांची सेवा घेतली. त्या वेळी रेल्वे अपघात झाला की वार्ताहरांना घटनास्थळापासून दूर ठेवण्याची रीत होती. ली यांनी ही पद्धत बदलली. वार्ताहरांना कंपनीच्या खर्चाने अपघातस्थळी नेणे, छायाचित्रकारांना सोयी पुरवणे आणि अधिकाऱ्यांनी प्रश्नांना उत्तरे देणे, असा नवा क्रम त्यांनी घालून दिला.

२८ ऑक्टोबर, इ.स. १९०६ रोजी न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक सिटी येथे विजेवर चालणारी एक आगगाडी पुलावरून पाण्यात कोसळली. या दुर्घटनेत ५० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. अफवा पसरण्यापूर्वीच ली यांनी कंपनीच्या वतीने घटनेची माहिती देणारे पत्रक वृत्तपत्रांना दिले आणि न्यू यॉर्क टाइम्सने ते जसेच्या तसे छापले. हे पत्रक पहिले प्रसिद्धिपत्रक म्हणून ओळखले जाते. प्रसिद्धीचा मजकूर वृत्तपत्रांकडे त्याआधीही जात असे. परंतु संकटाच्या क्षणी संस्थेने स्वतः पुढे येऊन माहिती देण्याचे हे ठळक उदाहरण ठरले.

मधली काही वर्षे ली यांनी एका अमेरिकन बँक पेढीसाठी युरोपात काम केले. इ.स. १९१२ मध्ये परतल्यावर ते पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या अध्यक्षांचे कार्यकारी साहाय्यक झाले. जनसंपर्काचे काम करणाऱ्या व्यक्तीला व्यवस्थापनाच्या वरच्या वर्तुळात स्थान मिळाल्याचे हे आरंभीचे उदाहरण समजले जाते. रेल्वे कंपन्यांना मालवाहतुकीचे दर ५ टक्क्यांनी वाढवून हवे होते. त्यासाठी ली यांनी आकडेवारी, पत्रके व भाषणे यांच्या आधारे मोहीम चालवली. इ.स. १९१४ च्या अखेरीस दरवाढीला बऱ्याच अंशी मंजुरी मिळाली आणि ली यांचे नाव उद्योगजगतात सर्वत्र झाले.

लडलो प्रकरण

सप्टेंबर, इ.स. १९१३ मध्ये कोलोरॅडो राज्यातील कोळसा खाणकामगारांनी संप पुकारला. कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न या तेथील प्रमुख कंपनीत रॉकफेलर कुटुंबाचा मोठा हिस्सा होता. कंपनीच्या घरांतून बाहेर काढलेले कामगार आपल्या कुटुंबांसह तंबूंत राहत होते. २० एप्रिल, इ.स. १९१४ रोजी लडलो येथील तंबूंच्या वसाहतीवर राज्याच्या नॅशनल गार्ड दलाने गोळीबार केला व तंबूंना आग लागली. एका तंबूखालील खड्ड्यात आश्रय घेतलेल्या २ स्त्रिया व ११ मुले गुदमरून मरण पावली. या घटनेने अमेरिकेत संतापाची लाट उसळली आणि जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांच्यावर टीकेचा भडिमार झाला.

अशा परिस्थितीत रॉकफेलर यांनी ली यांचा सल्ला घेण्यास सुरुवात केली. ली यांनी खाणमालकांच्या वतीने माहितीपत्रकांची मालिका तयार करून ती देशभरातील संपादक, लोकप्रतिनिधी, शिक्षक व धर्मोपदेशक यांना पाठवली. या पत्रकांत अनेक चुका होत्या. कामगार पुढाऱ्यांना वर्षभरात मिळालेले पैसे केवळ नऊ आठवड्यांचे वेतन म्हणून दाखवले गेले होते. वयोवृद्ध कामगार नेत्या मदर जोन्स यांच्या चारित्र्याविषयी बदनामीकारक मजकूरही त्यांत समाविष्ट झाला होता.

या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या औद्योगिक संबंध आयोगापुढे इ.स. १९१५ मध्ये ली यांची साक्ष झाली. खाणमालकांनी पुरवलेली माहिती आपण स्वतः तपासून पाहिली नव्हती, हे त्यांना तेथे मान्य करावे लागले. नऊ वर्षांपूर्वी संपादकांना अचूकतेची हमी देणाऱ्या गृहस्थांची ही कबुली त्यांच्या टीकाकारांनी कधीही विसरू दिली नाही. कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांनी त्यांना पॉयझन आयव्ही हे नाव दिले. स्पर्शाने अंगाचा दाह करणाऱ्या एका वेलीचे हे इंग्रजी नाव ली यांच्या नावाशी जुळणारे होते आणि ते आयुष्यभर त्यांना चिकटून राहिले.

याच प्रकरणाची दुसरी बाजूही अभ्यासकांनी नोंदवली आहे. इ.स. १९१४ च्या उन्हाळ्यात ली स्वतः कोलोरॅडोत गेले. कामगार भीतीपोटी आपली गाऱ्हाणी मांडत नाहीत, तेव्हा तक्रारी ऐकून घेण्याची काही व्यवस्था असली पाहिजे, असे त्यांनी रॉकफेलर यांना कळवले. पुढे कॅनडाचे पंतप्रधान झालेले मॅकेन्झी किंग यांनी कामगार प्रतिनिधित्वाची योजना आखली. सप्टेंबर, इ.स. १९१५ मध्ये रॉकफेलर खाणींच्या प्रदेशात गेले, कामगारांबरोबर जेवले, खाणीत उतरले आणि त्यांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलले. मालकांविषयीचा रोष त्यानंतर कमी झाला. मात्र या योजनेत स्वतंत्र कामगार संघटनेला मान्यता नव्हती. कंपनीच्या वर्चस्वाखालील अशा संघटनांवर इ.स. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने बंदी आली.

स्वतंत्र संस्था व इतर कार्य

पहिल्या महायुद्धाच्या काळात ली यांनी अमेरिकन रेड क्रॉसच्या प्रसिद्धीकामाची धुरा सांभाळली. युद्ध संपल्यानंतर इ.स. १९१९ मध्ये आयव्ही ली अँड असोसिएट्स ही त्यांची संस्था सुरू झाली. बेथलेहेम स्टील, क्रायस्लर, अमेरिकन टोबॅको यांसारख्या कंपन्या व रॉकफेलर कुटुंब यांचे ते सल्लागार होते. न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेतील प्रवाशांसाठी डब्यांमध्ये लावण्यात येणारी सबवे सन ही भित्तिपत्रकांची मालिका त्यांच्या कल्पनेतून साकारली.

बेथलेहेम स्टीलचे प्रमुख चार्ल्स श्वाब यांच्याशी निगडित एक कथा आजही व्यवस्थापनाच्या वर्गांत सांगितली जाते. दिवसाचे काम संपताना दुसऱ्या दिवशीची सहा महत्त्वाची कामे क्रमाने लिहून ठेवावीत, सकाळी पहिल्या कामापासून आरंभ करावा, ते पुरे झाल्याखेरीज दुसऱ्यास हात घालू नये आणि राहिलेली कामे पुढील दिवसाच्या यादीत घ्यावीत, असा सल्ला ली यांनी दिला व श्वाब यांनी त्यासाठी २५,००० डॉलर दिले, असे या कथेत म्हटले आहे. ही पद्धत ली यांच्याच नावाने ओळखली जाते. रकमेसह सांगितली जाणारी ही हकिकत मात्र आख्यायिकेच्या स्वरूपाची आहे.

इ.स. १९२५ मध्ये ली यांचे पब्लिसिटी हे पुस्तक प्रसिद्ध झाले. संपूर्णपणे निखळ वस्तुस्थिती सांगणे माणसाला शक्य नसते. प्रत्येक जण आपल्याला दिसलेला अर्थच पुढे ठेवत असतो, असे मत त्यांनी मांडले. अचूकतेची हमी आणि वस्तुस्थितीविषयीचा हा संशय यांतील विसंगतीकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. इ.स. १९२७ मध्ये त्यांनी सोव्हिएत संघाचा दौरा केला आणि त्यावर आधारित प्रेझेंट-डे रशिया हे पुस्तक लिहिले. अमेरिकेने सोव्हिएत संघाला मान्यता द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेची मान्यता इ.स. १९३३ मध्ये मिळाली.

जर्मन कंपनीचे प्रकरण

आय. जी. फार्बेन या जर्मन रसायन उद्योगसमूहाच्या अमेरिकेतील कंपनीचे काम ली यांच्याकडे इ.स. १९२९ पासून होते. इ.स. १९३३ मध्ये नाझी पक्षाच्या हाती सत्ता गेल्यानंतर मूळ जर्मन समूहाने वार्षिक २५,००० डॉलर मानधनावर त्यांचा सल्ला घेतला. ली जर्मनीत गेले, तेथील मंत्र्यांना व हिटलर यांनाही भेटले. जर्मनीची बाजू अमेरिकेत कशी मांडावी, हा या सल्ल्याचा विषय होता.

इ.स. १९३४ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या विशेष समितीपुढे ली यांची साक्ष झाली. ज्यूंचा छळ अमेरिकन जनतेला कदापि रुचणार नाही, असे आपण जर्मनांना बजावले होते आणि अमेरिकेत कोणताही जर्मन प्रचार वाटला नाही, असे त्यांनी सांगितले. परंतु मानधन खाजगी कंपनीकडून येत असले तरी त्या सल्ल्याचा लाभ अखेर कोणाला होणार होता, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये साक्षीचा तपशील जाहीर झाला आणि वृत्तपत्रांनी त्यांच्यावर नाझी राजवटीचे प्रसिद्धिप्रमुख असल्याचा शिक्का मारला. आपल्या बाजूने खुलासा करण्यास त्यांना फारसा अवधी मिळाला नाही. ९ नोव्हेंबर, इ.स. १९३४ रोजी मेंदूतील गाठीच्या विकाराने न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५७ वर्षांचे होते.

या समितीच्या चौकशीतून पुढे इ.स. १९३८ चा परकीय हस्तक नोंदणी कायदा अस्तित्वात आला. परदेशी सरकार किंवा संस्था यांच्या वतीने अमेरिकेत प्रचारकार्य करणाऱ्यांनी आपला संबंध सरकारदरबारी नोंदवणे त्यामुळे बंधनकारक झाले.

व्यवसाय-शिक्षणातील स्थान

जेम्स ग्रुनिग व टॉड हंट यांनी इ.स. १९८४ मध्ये जनसंपर्काची चार प्रारूपे मांडली. त्यांपैकी लोकमाहिती प्रारूपाचे प्रतिनिधी म्हणून ली यांचे नाव घेतले जाते. या प्रारूपात संस्था सत्य माहिती देते. परंतु माहितीचा ओघ बहुतांशी संस्थेकडून जनतेकडे असा एकाच दिशेने वाहतो. ली यांनी लोकमताची शास्त्रीय पाहणी फारशी केली नाही. त्यांचा भर वार्ताहराच्या जाणकारीवर होता. त्यांच्या पाठोपाठ आलेल्या एडवर्ड बर्नेझ यांनी सामाजिक शास्त्रांचा आधार घेऊन या व्यवसायाला वेगळे वळण दिले.

जनसंपर्क व संज्ञापन क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ली यांच्या कारकिर्दीतून पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात.

• लेखन व वार्तांकनाचा पाया: संपादकाला कोणती माहिती बातमी वाटेल, हे ली यांना वृत्तपत्रातील उमेदवारीमुळे कळत होते. प्रसिद्धिपत्रक लिहिणाऱ्याने बातमी लिहिण्याचा सराव ठेवणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

• संकटकाळातील तत्परता: अटलांटिक सिटीच्या दुर्घटनेत माहिती लवकर दिल्यामुळे कंपनीचे म्हणणे लोकांपर्यंत पोहोचले. विलंब झाल्यास ती जागा तर्कवितर्क घेतात.

• स्वतंत्र पडताळणी: लडलो प्रकरणात अशिलाने दिलेली माहिती हीच वस्तुस्थिती मानली गेली. आकडा कोठून आला, तो कोणत्या काळाचा आहे आणि दुसऱ्या पक्षाचे म्हणणे काय, हे पत्रक पाठवण्यापूर्वी विचारणे हा या प्रकरणाचा मुख्य धडा होय.

• निर्णयप्रक्रियेतील सहभाग: ली यांचा सल्ला सर्वाधिक परिणामकारक ठरला तो संस्थेच्या वर्तनात बदल सुचवताना. झाल्या कृतीला शब्दांनी सावरण्यापेक्षा कृती होण्यापूर्वी सल्ला देणे अधिक मोलाचे असते.

• काम नाकारण्याची तयारी: जर्मन कंपनीच्या प्रकरणात ली यांचा सल्ला काय होता, यापेक्षा तो कोणाला दिला होता, हेच लोकांच्या स्मरणात राहिले. अशिलाची निवड हाही व्यावसायिक नीतीचा भाग आहे.

मूल्यमापन

ली यांच्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. रे एल्डन हीबर्ट यांनी इ.स. १९६६ मध्ये लिहिलेले त्यांचे चरित्र सहानुभूतीपूर्ण आहे. उद्योगांना लोकांसमोर उत्तरदायी होण्यास भाग पाडणारे सल्लागार, असे त्यांचे चित्र समर्थक रेखाटतात. धनिकांच्या प्रतिमेला उजळा देणारे भाडोत्री लेखक, असे टीकाकारांचे मत आहे. वस्तुतः त्यांनी ज्या कसोट्या इ.स. १९०६ मध्ये घालून दिल्या, त्याच कसोट्यांवर त्यांचे पुढील वर्तन तपासले गेले. त्यांत ते कमी पडले. पण त्या कसोट्या मात्र टिकून राहिल्या. इ.स. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या आचारसंहितेत अचूकता आणि कोणाच्या वतीने काम चालले आहे हे उघड करणे, या दोन्ही अपेक्षांना स्थान आहे.

ली यांचा पत्रव्यवहार, भाषणे व कार्यालयीन कागदपत्रे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मड ग्रंथालयात जतन केलेली असून अभ्यासकांना ती तेथे पाहता येतात.